मुलगा घरी, सून नोकरीला. मी पाहुण्यांना काय सांगू?

पत्र :

सप्रेम नमस्कार. माझं वय ६६. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा मोठा काळ कोयना प्रकल्पावर, अलोऱ्याच्या वसाहतीत गेला. कुटुंब कऱ्हाडला असायचं. शनिवारी रात्री कुंभार्ली घाट चढून यायचो, सोमवारी पहाटे परत. १९९९च्या मार्चमध्ये लेक टॅपिंगची (जलाशयाखाली स्फोट करून पाणी बोगद्यात घ्यायची) धावपळ चालू असताना मुलाला कावीळ झाली, तेव्हाही मी चौथ्या दिवशीच घरी पोचू शकलो. कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

हाच मुलगा आज ३४ वर्षांचा आहे. मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला चांगल्या कंपनीत. सून हिंजवडीला आयटीत. दोघं पिंपळे सौदागरला राहतात. नात अकरा महिन्यांची आहे. सुनेची बाळंतपणाची रजा संपली आणि त्याच सुमारास तिला बढती मिळाली. नातीला पाळणाघरात ठेवून पाहिलं, पण ती सारखी आजारी पडू लागली. विहीणबाईंना संधिवात. माझी पत्नी दोन महिने तिकडे जाऊन राहिली, पण इकडे माझ्या जेवणाचे हाल व्हायला लागले म्हणून ती परत आली. सध्या सून घरून काम करते. आता तिला ऑफिसला जावंच लागणार आहे. आणि आमच्या चिरंजीवांनी कोणाला न विचारता राजीनामा दिला! महिनाअखेरीस त्याचा शेवटचा दिवस. दोन वर्षं घरी राहून मुलीला सांभाळणार म्हणतो.

मागच्या महिन्यात मी पुण्याला गेलो होतो. रविवार होता. हा पोरीची शी धूत होता आणि सून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. मला बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघून आलो. आईची माया बापाला कशी येणार? त्यांच्या घराच्या हप्त्याला मी दरमहा १५ हजार देतो. ते थांबवले तर तो ताळ्यावर येईल का? पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे. मुलगा बायकोच्या जिवावर जगतो असं भावकीत बोललं जाईल. मी पाहुण्यांना काय सांगू? मुलाला कसं समजावू? की माझंच काही चुकलं?

एक वाचक, कऱ्हाड

उत्तर :

नमस्कार.

आधी पैशाचं बोलते, कारण तिथं घाईत काही केलंत तर नंतर निस्तरता येणार नाही. १५ हजार थांबवू नका. पुढच्या महिन्यापासून त्या घरात एकच पगार येणार आणि तो सुनेचा. तुम्ही हात आखडता घेतलात तर झळ तिला बसेल. ती आणखी उशिरापर्यंत काम करील आणि मुलाला घरी राहणं आणखीच भाग पडेल. ताळ्यावर कोणी येणार नाही, नातीचे फोटो तेवढे यायचे थांबतील. शिवाय हे पैसे तुम्ही घरासाठी दिलेत. आज त्यांना अट चिकटवलीत तर मागचे सगळे हप्तेसुद्धा उपकार म्हणून मोजले जातील, आणि मुलगा ते फेडायच्या मागे लागेल.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात. ‘इकडे माझ्या जेवणाचे हाल व्हायला लागले म्हणून ती परत आली.’

तुम्ही अभियंता आहात, तेव्हा क्रमानं मांडू. सुनेची रजा संपली. पाळणाघर मानवलं नाही. विहीणबाईंना उठबस होत नाही. मग घरात एकच माणूस उरलं, जिनं मुलं वाढवली आहेत आणि जी दोन महिने तिथं राहून रुळलीही होती. ती परत आली, का, तर कऱ्हाडात एका धडधाकट माणसाला भात लावता येत नव्हता. त्यानंतर किती दिवसांनी मुलानं राजीनामा दिला हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण तारखा तुम्हाला माहीत असणार. ‘माझंच काही चुकलं का’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. नोकरी सोडायचा निर्णय मुलाचा आणि सुनेचा. पण त्या निर्णयात तुमच्या वाट्याचा एक कुकर आहे, तो नाकारू नका.

याचा अर्थ वहिनींनी तिकडेच मुक्काम ठोकायला हवा होता असं माझं म्हणणं नाही. आजीला गृहीत धरणं हा वेगळाच रोग आहे. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या बागेत संध्याकाळी पाहा, गुडघ्याला पट्टा बांधून नातवामागे पळणाऱ्या बायका दिसतील. त्यातल्या कितीजणींना ‘तुम्हाला जमेल का, आवडेल का’ असं कोणी विचारलेलं असतं? वहिनींना काय हवं होतं? पुण्याला राहायचं होतं, की त्यांनाही कंटाळा आला होता आणि तुमचं जेवण ही सोयीची सबब होती? एवढ्या मोठ्या पत्रात त्यांचं मत एका ओळीनंही आलेलं नाही. या घरात तान्ह्या मुलाचा अनुभव सगळ्यात जास्त त्यांना आहे. मला पत्र लिहायच्या आधी तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन त्यांना विचारायला हवं होतं.

मुलगा शी धूत होता ते बघवलं नाही, असं तुम्ही म्हणता. घाणीची शिसारी आली असं मी मानत नाही. बोगद्याच्या कामावर चिखलात उभा राहिलेला माणूस लंगोटाला बिचकत नाही. सून समोर बसलेली असताना मुलानं ते केलं, हे खुपलं. म्हणजे ते काम कुणाचं हे तुमच्या मनात पक्कं ठरलेलं आहे. ते तुम्ही ठरवलेलं नाही, तुमच्या वडिलांच्याही आधी ठरलं होतं, आणि तुमच्या घरी ते इतकं निमूटपणे पार पडत राहिलं की काम म्हणून तुमच्या नजरेला कधी पडलंच नाही. वहिनी करत होत्या तोवर ते दिसत नव्हतं. मुलगा करायला लागला तसं दिसलं.

तुमच्या पिढीच्या बापांना झोडपायची हल्ली टूम निघाली आहे. मला ती आवडत नाही. वसाहतीतल्या मेसचं जेवण, आठवड्यातून एक रविवार, त्यातही निम्मा दिवस बिलं भरण्यात आणि किराणा आणण्यात जायचा. मुलांची फी, पुढं कॉलेजसाठी पीएफमधून काढलेला अॅडव्हान्स, स्वतःला चप्पल घ्यायची ती दिवाळीला. हे सगळं प्रेमच होतं. फक्त ते मुलांपर्यंत पोचायचं आईच्या तोंडून. ‘बाबा तुझ्यासाठी एवढं करतात’ हे सांगायला मध्ये कोणीतरी लागायचं, आणि मुलाला काही मागायचं असलं तरी अर्ज आईकडूनच वर जायचा. घरात बाबा आले की टीव्हीचा आवाज उतरायचा. मुलांना घडवण्यातला मोठा भाग आपल्या हातून निसटला, हे त्या बापांच्या ध्यानात आलं ते निवृत्तीनंतर, आणि तेव्हा मुलं पुण्याला गेलेली होती.

कावीळ झाल्याची हकिकत तुमच्या प्रश्नाशी सुतराम संबंध नसताना पत्रात आली आहे. तुम्ही तिच्यावर ‘कर्तव्य म्हणजे कर्तव्य’ असं झाकणही ठेवलंत. १३ मार्च १९९९ला कोयनेच्या जलाशयाखाली स्फोट करून पाणी बोगद्यात घेतलं गेलं. त्या कामावर आपण होतो याचा अभिमान तुम्हाला असायलाच हवा. पण सुनेच्या नोकरीबद्दल लिहिताना तुम्हाला तो चौथा दिवस आठवला. मी त्याचा अर्थ लावत बसत नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या मात्र अशा गोष्टी लक्षात राहतात. कधी निवांत असलात तर त्याला विचारा, त्याला त्या आठवड्यातलं काय आठवतं. तो काय सांगेल ते ऐकून घ्या, तिथं खुलासा देऊ नका.

आणि त्या धरणावरचंच एक तुम्हाला सांगते, म्हणजे तुम्हीच मला सांगाल. लेक टॅपिंगला कॅमेरे येतात. पावसाळ्याच्या तोंडावर वक्र दरवाजांना ग्रीस लावणाऱ्या माणसाकडे कोणी फिरकत नाही. दहा वर्षं ते ग्रीस लावलं नाही तर काय होईल? घरातलं काम त्या जातीचं आहे. झालं तर दिसत नाही आणि रोज पुन्हा करावं लागतं.

भारत सरकारनं २०२४ साली लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. यातली मेख लक्षात घ्या: ८८ मिनिटं ही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची सरासरी आहे. जे लावतच नाहीत, ते या हिशेबात धरलेलेच नाहीत. म्हणजे तुम्ही आणि तुमचे बंधू त्यात नसणार.

‘बायकोच्या जिवावर जगतो’ असं लोक म्हणतील, ही तुमची भीती. वहिनी इतकी वर्षं तुमच्या घरात आहेत. मुलांचे अभ्यास, दुखणी-खुपणी, तुमच्या आईवडिलांचं म्हातारपण त्यांनीच निभावलं असणार, कारण तुम्ही घाटाखाली होतात. त्या तुमच्या जिवावर जगल्या असं भावकीत कोणी म्हणालं का? आणि म्हणालं असतं तर तुम्हाला खपलं असतं का? बाईनं केलं तर तो संसार आणि पुरुषानं तेच केलं तर तो बायकोच्या जिवावर जगणं, हा हिशेब मला तरी जुळवता येत नाही.

मायेचा मुद्दा तुम्ही मनापासून मांडलाय. अंगावर पाजणं सोडलं तर तान्ह्या मुलाचं असं कुठलंच काम नाही जे पुरुषाच्या हाताला येत नाही. न्हाऊ घालणं, ढेकर काढणं, रात्री खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं, रडण्यावरून भूक की झोप हे ओळखणं, हे आईलाही करता करताच येतं. पहिलटकरणीला न्हाऊ-माखू घालायला आपल्याकडे बाई का ठेवतात? तिला तरी उपजत कुठं येत असतं! उलट बाप मुलाच्या मागे लागला की त्याच्या शरीरातही फरक पडतो. फिलिपिन्समध्ये सेबू भागातल्या सहाशेहून अधिक तरुणांची काही वर्षांच्या अंतरानं तपासणी केली होती, तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. जे दरम्यान बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, बरंच खाली आलं होतं, आणि रोज तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ मुलांची उस्तवार करणाऱ्या बापांमध्ये ते आणखी कमी होतं. (हे वाचून दचकू नका. मर्दानगी गेली असा त्याचा अर्थ नाही. अंगातली रग जरा उतरते आणि माणूस पाळण्यापाशी टिकतो.)

तुमच्या रागातला थोडा राग मी दुसरीकडे वळवणार आहे. २०१७च्या दुरुस्तीपासून कायद्यानं आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती मिळायलाच हवी. बापाला? केंद्र सरकारी कर्मचारी असेल तर १५ दिवस. चाकणच्या खासगी कंपनीत असेल तर कंपनी देईल तेवढं. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७मध्येच लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं होतं, त्यात सगळ्याच बापांना १५ दिवसांची आणि पुढं तीन महिन्यांपर्यंत वाढवता येईल अशी रजा होती. त्याचा कायदा काही झाला नाही. म्हणजे मूल सहा महिन्यांचं झालं की आईनं कामावर जायचं, बाप तर पंधरवड्यातच परतलेला, आणि मूल सांभाळायचं कुणी, यावर सगळे गप्प. वर्षभर अर्धा दिवस कामावर येण्याची मुभा तुमच्या मुलाला कोणी दिली असती तर त्यानं राजीनामा दिला असता असं मला वाटत नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या: याचा राजीनामा किंवा तिचा. तिचा असता तर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं.

तरी मुलाचा निर्णय मी डोक्यावर घेऊन नाचणार नाही. माझ्याही काही शंका आहेत आणि त्या त्याच्यापर्यंत पोचवायला तुमच्याइतका योग्य माणूस नाही, बोलणं सुरू झालं तर.

दोन वर्षं घरी राहणारे पुरुष कोणत्या ठिकाणी अडखळतात ते सांगते. सकाळी अकराला तो मुलीला घेऊन बागेत जाईल तेव्हा तिथं आज्या आणि मुलं सांभाळणाऱ्या मावशी असतील. तो आला की त्यांच्या गप्पा थांबतील. कोणीतरी विचारेल, ‘आई नाही का हिची?’ बालरोगतज्ज्ञांकडे डोस द्यायला नेईल तेव्हा पुढची तारीख सांगायला ते तिच्या आईचा नंबर मागतील. सोसायटीतल्या आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याला कोणी घेणार नाही. दिवसभरात मोठ्या माणसाशी एक धड वाक्य बोलायला मिळालं नाही की चार-सहा महिन्यांत माणूस चिडचिडा होतो. घरी राहणाऱ्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या सोसत आल्या, पण त्यांना निदान तिथं उपरं कोणी मानत नव्हतं.

दुसरं, तो फक्त मुलगी सांभाळणार आहे की घर? हा फरक मोठा आहे. अनेक घरांत बाप मुलाला खेळवतो, आणि आई रात्री आठला येऊन कणीक मळायला घेते, उद्याची भाजी निवडते, डायपर संपत आलेत हे तिच्याच लक्षात येतं. मग दोघंही दमतात आणि कोण जास्त दमलं यावर भांडतात. एकाचा पगार थांबणार असेल तर घरातल्या गोष्टी लक्षात ठेवण्याचं कामसुद्धा त्याच्याकडे गेलं पाहिजे. हे त्याला सुनेच्या तोंडून ऐकावं लागण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं. तुमच्या तोंडून ऐकून त्याला धक्काही बसेल, तो चांगला असतो.

सुनेचंही सोपं नाही. रात्री मुलगी दचकून उठेल आणि बाबाकडे झेपावेल. त्या क्षणी कुठल्याही आईच्या पोटात कालवतं, मग तिला कितीही बढत्या मिळोत. वर नात्यातल्या बायका आहेतच ‘पोर टाकून जाते’ म्हणायला. आणि मुलाची मात्र वाहवा होणार आहे, हे मी आत्ताच सांगून ठेवते. ‘किती गुणी, स्वतः भरवतो हो!’ सुरुवातीला टोमणे, नंतर आरत्या. एका डब्याचं झाकण लावलं म्हणून बापाचं कौतुक होतं आणि आईनं सगळे डबे भरले त्याची दखलही नसते. तुम्ही त्या आरतीत सामील होऊ नका. वहिनींना कोणी असं म्हणालं नव्हतं.

पैशाचं म्हणाल तर त्याचा पीएफ काढू नकोस म्हणून सांगा. खातं तसंच राहू दे, पुढच्या नोकरीत जोडता येतं. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, त्याची किती झाली ते बघायला सांगा. आणि सुनेच्या पगारातून दरमहा काही रक्कम त्याच्या एकट्याच्या नावावर जायला हवी, पीपीएफ असो नाहीतर आणखी काही. घरी राहणाऱ्या माणसाच्या हाताशी स्वतःचे पैसे हवेत. बायकांच्या बाबतीत हे आपल्याला फार उशिरा सुचलं.

दोन वर्षंच हवीत असंही नाही. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता येतं, हे त्याच २०१७च्या दुरुस्तीनं आलेलं कलम आहे. सुनेच्या कंपनीत काय सोय आहे, ती कशी आहे, हे दोघांनी पाहिलंय का? मूल दीड-दोन वर्षांचं झालं, आजारपणं जरा आवरली, की अर्धा दिवस तिथं ठेवता येईल. तोवर मुलाला थोडं कामही धरता येईल. हे सुचवा. आज्ञा करू नका.

आता तुम्ही काय करायचं. मुलाला कसं समजावू असं विचारलंत. समजावू नका. फोन करा आणि म्हणा, ‘मी त्या दिवशी न बोलता निघून आलो. आम्ही दोघं दहा दिवस येऊ का? तुझा शेवटचा दिवस झाला की येतो.’ एवढंच. तो हो म्हणेल.

त्याआधी वहिनींकडून वरण-भात, खिचडी आणि एक भाजी शिका. चेष्टा करत नाहीये. बोगद्याचे नकाशे वाचणाऱ्याला कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. वहिनींना पुढच्या दोन वर्षांत महिन्यातून आठवडाभर पुण्याला जावंसं वाटलं तर तुमच्यामुळे त्यांचा पाय अडकता कामा नये. त्यांना नाही वाटलं तर तुम्ही एकटे जा. एकटा आजोबा नात सांभाळायला गेला तर बिघडतं कुठं?

तिथं गेल्यावर एक काम ठरवून घ्या आणि ते रोज करा. संध्याकाळी पाच ते सात मुलगी तुमच्याकडे, म्हणजे मुलाला मोकळं बाहेर पडता येईल. डायपर बदलायला मुलाकडूनच शिका. तुम्ही त्याच्याकडून काही शिकताय, हे त्याला बहुतेक पहिल्यांदाच दिसेल. अकरा महिन्यांच्या पोराला मऊ वरण-भात, नाचणीचं सत्त्व, उकडून कुस्करलेलं फळ चालतं. मध मात्र वर्षाच्या आत चाटवायचा नाही, आणि मीठ-साखरही अजून नको. आमच्या वेळी आम्ही चाटवायचो, काही झालं नाही, हे वाक्य कऱ्हाडलाच ठेवून जा. ती आता धरून उभी राहायला लागली असेल, तेव्हा पाठीचा विचार करून जमिनीवरच बसा.

पुतण्याच्या लग्नाचं. कोणी विचारलं तर सांगा, ‘मुलगी लहान आहे, सध्या तोच घरी असतो तिला बघायला.’ आणि पुढच्या माणसाकडे वळा. ‘वर्क फ्रॉम होम करतो’ अशी थाप मारू नका. मुलगा शेजारी उभा असणार, नात त्याच्या कडेवर. बापाला आपली लाज वाटते हे त्यानं भर मांडवात ऐकायला नको. भावकीचं म्हणाल तर ती चार दिवस बोलेल, मग कुणाच्या तरी जमिनीचा वाद निघेल आणि विषय बदलेल. मात्र सुनेला कोणी ‘पोरीकडे कोण बघतं गं?’ असं खोचून विचारलं तर ते तिच्यावर सोडू नका. तिथं तुम्ही बोला. ‘तिचा बाप बघतो, आणि पुढच्या आठवड्यात आजोबा बघणार आहेत.’ सासऱ्यानं एकदा असं म्हटलं की पुढचे प्रश्न येत नाहीत.

एवढ्यात करायचं एक काम राहिलं. मुलाच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तुम्हा दोघांची नावं आहेत का, ते आजच विचारा. बऱ्याच कंपन्यांत आईवडिलांना त्यात घेतात, आणि नोकरी सुटली की ते कवच सगळ्यांचंच जातं. कंपनीच्या पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण त्याची विचारणा शेवटच्या दिवसाच्या आत केलेली बरी. साठीनंतर नव्यानं पॉलिसी काढायला गेलात तर रक्तदाब, साखर सगळं निघतं आणि हप्ता परवडत नाही. त्याच्या स्वतःच्या टर्म इन्शुरन्सचंही विचारा, कारण पगार थांबल्यावर नवा मिळणं कठीण होतं. काही कंपन्या सासू-सासऱ्यांनाही घेतात. सुनेच्या कंपनीत ते होतं का, हे मुलामार्फत विचारू नका, तिलाच फोन करा. तिचा नंबर तुमच्याकडे असेलच.